धोंड्याचा एसी

कासुर्डीच्या हौसरावांनी एसी घेतला तो स्वतःसाठी नाही, जावयासाठी. स्वतः हौसराव भर दुपारी टोमॅटोच्या प्लॉटवर बनियनवर हिंडणारे गृहस्थ. त्यांना पंख्याचा वारासुद्धा डोक्याला बाधतो. पण गेल्या उन्हाळ्यात लेक स्नेहल नवऱ्याला घेऊन मुक्कामाला आली आणि घरी एसीत झोपायची सवय असलेला जावई सत्यजीत स्लॅबच्या खोलीत रात्रभर वर्तमानपत्राने वारा घेत बसला. नंतर दौंडहून विहीणबाईंचा फोन आला. बाकी सगळं गोडगोड बोलून झाल्यावर त्या हसत हसत म्हणाल्या, "पोराच्या पाठीवर घामोळं उठलंय बघा. तुमच्याकडं लय गरम होतं, न्हाई?" हे हौसरावांच्या असं जिव्हारी लागलं की यंदा अधिक महिन्यात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं ठरताच त्यांनी आधी एसी बसवला आणि मग पुरणाची डाळ आणली.

एसी बसला आणि हौसरावांची जीभ सुटली. डेअरीवर दूध घालायला गेले की एसी, सोसायटीच्या मीटिंगला गेले की एसी. शेजारच्या भागुबाईंना तर त्यांनी परसात नेऊन भिंतीलगतचं बाहेरचं मशीनच दाखवलं.

"हितं हात धरा, भागाक्का. खोलीतली समदी उष्णता हितनं भाईर फेकतंय. पापड धरला तर भाजून निघंल!"

भागुबाईंनी हात धरला, बराच वेळ धरला आणि काही न बोलता घरी गेल्या. बाई अगदी दिपून गेली, असं हौसरावांना वाटलं.

धोंड्याच्या दिवशी सकाळपासून वळवाचं मळभ होतं. ऊन नाही, वारा नाही, नुसता उकाडा. हौसराव मनातून खूश झाले. एसीची खरी किंमत अशाच दिवशी कळणार होती. पाहुणे यायच्या आधीच त्यांनी दारं-खिडक्या लावून खोली गार करून ठेवली. जावई, लेक आणि विहीण ललिताबाई आत आले तेव्हा ललिताबाईंनी चक्क दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून घेतला.

"अगं बाई, एसी घेतला की इवाई तुम्ही!"

एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी तर सगळा खटाटोप होता. हौसराव छताकडे बघत म्हणाले, "घेतला आपला. आलं-गेलं माणूस असतंय."

सरबत संपेपर्यंत ललिताबाईंचा पदर खांद्यावरून खाली आला. आणखी थोड्या वेळाने त्याच पदराने त्या वारा घेऊ लागल्या. हौसरावांचं सगळं लक्ष त्या पदराकडेच होतं.

"मामा, रिमोटवर मोड कुठला आहे?" सत्यजीतने अदबीने विचारलं. तो कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळे त्याला मशीनशी बोलायची सवय होती.

"कूलच हाय की. बर्फाचं चित्र दिसतंय न्हवं?" हौसरावांनी बटण दाबत दाबत आकडा पार खाली नेला. मशीनने कोमट फुंकर घातली. मग त्यांना फिटरने सांगितलेलं आठवलं की फिल्टर धुवावा लागतो. नवाकोरा पांढरा सदरा घालून ते स्टुलावर चढले, जाळी काढली आणि अंगणात नेऊन फवारणीच्या पंपाने अशी धुतली की स्वतः गुडघ्यापर्यंत भिजले. जाळी परत बसली. मशीन थोडा वेळ घरघरलं आणि पुन्हा कोमट हवा सोडू लागलं. सत्यजीतच्या कपाळावर घामाचे थेंब दिसू लागले. हौसरावांना ते घामोळ्याची सुरुवात वाटले.

"व्होल्टेज!" ते एकदम ओरडले आणि ओल्या लेंग्यानिशी बाहेर पळाले.

समोरच हनुमंताची पिठाची गिरणी. गिरणीत बायका-माणसांची रांग लागलेली.

"हनुमंता, बंद कर आधी! माझं समदं व्होल्टेज तूच खातुयास!"

"आबा, गिरणी माझ्या वडलांपासनं हाय. एसी तुमचा परवा आला."

"जावई धोंड्याला आलाय आन् घामाघूम होऊन बसलाय! गावाची काय इज्जत राहील?"

गावाच्या इज्जतीचं नाव निघाल्यावर हनुमंताचा नाइलाज झाला. त्याने पट्टा थांबवला. अर्धं दळण चाकीत आणि अर्धं डब्यात, अशा अवस्थेत बायका पायरीवर बसून राहिल्या. हौसराव विजयी मुद्रेने घरी आले. खोली आता मघापेक्षाही गरम झाली होती. स्नेहल म्हणाली, "आबा, राहू द्या. आपण ओसरीत बसू."

"ओसरीत? धोंड्याचा जावई ओसरीत?" लेकीने असं म्हणावं याचीच त्यांना जास्त लाज वाटली. त्यांनी यवतच्या पप्पू फिटरला फोन लावला आणि तो मुद्दाम स्पीकरवर टाकला. चूक कुणाची आहे ते विहीणबाईंना कळायला हवं होतं.

"पप्पू, एसी गरम हवा टाकतोय."

"आबा, भाईरच्या मशीनपुढं काय आडवं आलंय का? गरम हवा कोंडली की ट्रिप मारतंय ते."

"आडवं? फिल्टर धुतला, व्होल्टेज सुधारलं, आन् तू मला आडवं काय ते इचारतुयास? आमच्या घरात असला अडाणीपणा न्हाई! माल कंडम दिला म्हण की सरळ!"

स्वयंपाकघराच्या दारात हौसरावांच्या पत्नी सिंधूबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला होता. "अहो, जरा हिकडं येता का?"

"तू पुरण बघ!"

"पुरणाचं न्हाई वो..."

"मग भजी बघ!"

तेवढ्यात मागचं दार ढकलून भागुबाई सरळ आत आल्या. पाहुण्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. हात गव्हाच्या चिकाने पांढरे झालेले.

"काय आबा, मशीन सारखं सारखं बंद का पडतंय वो? चालू ठेवा की जरा. आमच्या कुरडया खालनं अजून वल्याच हायत."

मग आधी ललिताबाई उठल्या, त्यांच्यामागे सत्यजीत, स्नेहल आणि सगळ्यांत शेवटी हौसराव. परसात एसीच्या मशीनपुढे एक बाज भिंतीला चिकटून आडवी टाकलेली, तिच्यावर साडी आणि साडीवर कुरडया. तिच्यापुढे दुसरी बाज, तिच्यावर सांडगे. धूळ बसू नये म्हणून वरून मशीनपर्यंत जुनं धोतर मघाशीच ताणून बांधलेलं. मळभाचे दिवस, वाळवण खराब व्हायची वेळ, आणि आज आबांचं मशीन दिवसभर चालणार ही बातमी. गल्लीतल्या बायका पहाटेच सोऱ्या घेऊन आल्या होत्या. धोतराखाली कोंडलेली गरम हवा मशीन पुन्हा पुन्हा गिळत होतं आणि दमून बंद पडत होतं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" हौसरावांनी विचारलं.

"तुम्हीच की!" भागुबाई म्हणाल्या. "पापड धरला तर भाजून निघंल म्हणालात. आम्ही म्हणलं, भाजायचं नगं, नुसतं वाळू दे."

"मी सांगत हुते," सिंधूबाई हळूच म्हणाल्या.

हौसरावांना मघाशी छताकडे बघून बोललेलं वाक्य, बंद पाडलेली गिरणी, अडाणीपणावरचं भाषण, सगळं एकदम आठवलं. विहीणबाईंकडे बघायचा धीर होईना, म्हणून ते कुरडयांकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांच्या हातातून आवाज आला.

"आबा, फोन चालूच हाय बरं का. मी ठेवू का आता?"

सत्यजीतने तोंडावर रुमाल धरला. त्याला घाम पुसायचा होता, असं हौसरावांनी स्वतःची समजूत घालण्यासाठी ठरवून टाकलं. जावयानेच बाज उचलायला हात लावला आणि ते पाहून हौसरावांना परसात खड्डा असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

बाजा हलल्या, धोतर सुटलं, आणि थोड्याच वेळात खोली गार झाली. पण हौसराव आत गेले नाहीत. ते गिरणीवर गेले.

"झालं का गार?" हनुमंताने विचारलं.

"झालं."

"म्हंजी व्होल्टेज खरंच माझ्यामुळं पडत हुतं म्हणायचं."

हो म्हणणं किती सोपं होतं. हनुमंताचा तसा समजही झाला होता. पायरीवर बसलेल्या बायकांकडे हौसरावांनी एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"न्हाई रं. कुरडया हुत्या." मग त्यांनी सगळं सांगितलं. गिरणी बंद असल्याने प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू गेला, आणि हसणं तर रस्त्यापर्यंत. हनुमंताने हसत हसत पट्टा चढवला.

पुढे जेवण यथासांग झालं. ओवाळणी झाली, जावयाला धोंडे वाढले, पण यजमान मात्र पाहुण्यासारखे गप्प. ललिताबाईंनी तळलेली कुरडई मोडली, खाल्ली, आणखी एक मागितली. "ह्या दिवसांत एवढी खुसखुशीत? ही बी मशीनवरची का?"

"व्हय," सिंधूबाई म्हणाल्या. "पहिला घाणा माझाच, मशीन आलं त्याच दिशीचा."

हौसराव ताटातलं मीठ बोटाने इकडून तिकडे सारत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते डेअरीवर रांगेत उभे होते. एसीचं नाव त्यांनी त्या दिवसापासून काढलं नव्हतं. दुसरं कुणी काढलं की ते म्हशीचा विषय काढायचे. तेवढ्यात फोन वाजला. ललिताबाई होत्या आणि कुजबुजत होत्या.

"इवाई, स्पीकरवर न्हाई ना?"

"न्हाई. बोला."

"आमच्या एसीतनं गरम हवा येतीया. ह्यांनी कंपनीच्या माणसाला बोलावून झापझाप झापलंय, की आमच्या घरातनं काय बी चूक न्हाई. आता तो म्हणतोय, भाईरचं मशीन बघायचंय. आन् मशीन हाय गच्चीवर."

"मग बघू द्या की."

"गच्चीवर माझे सांडगे हायत वो!"

हौसरावांच्या जिभेवर वर्षभर जपून ठेवलेलं एक वाक्य येऊन उभं राहिलं: तुमच्याकडं लय गरम होतं, न्हाई? भोवती अख्खी डेअरी कान देऊन उभी होती. एवढा चांगला मोका पुन्हा मिळणार नव्हता. पण डोळ्यांसमोर परसातली ती बाज आली आणि आपली कुरडयांवर खिळलेली नजर आठवली. ते रांगेतून बाजूला झाले आणि फोनवर हात आडवा धरला.

"हे बघा, आधी त्या माणसाला च्या पाजा. तवर सत्यजीतरावांना गच्चीवरची बाज हलवायला सांगा. मगच त्याला वर न्या."

पलीकडे ललिताबाईंनी मोठा श्वास सोडला. "लय उपकार झालं बघा. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय न्हवती."

हौसराव रांगेत परत आले. पुढच्याने वळून विचारलं, "कुणाचा फोन, आबा?"

"कुणाचा न्हाई," हौसराव म्हणाले, "राँग नंबर."