गेम न चालणारे कॉम्प्युटर

शंभरातले दोन लोकही वापरत नाहीत अशा ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॉम्प्युटरचं दुकान काढायचं जावयाने ठरवलं, तेव्हा सासऱ्यांनी आपला रिकामा गाळा त्याला सहा महिन्यांसाठी दिला. तेवढ्यात जम बसला नाही तर गाळा औषधवाल्याला आणि जावई पुन्हा नोकरीला, असं ठरलं.

व्हायरस येत नाही, मशीन अडकत नाही, हे जावई पोटतिडकीने सांगे. पण गिऱ्हाइकाने "गेम चालतात का?" असं विचारलं की त्याचा चेहरा पडे. चालत नसत, आणि खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. गिऱ्हाईक आल्या पावली परत जाई. पाच महिने बायकोने काउंटरवरची धूळ तेवढी पुसली.

सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीही तेच विचारलं.

"नाही हो," जावई ओशाळून म्हणाला.

"तो गाड्यांच्या शर्यतीचा?"

"तोही नाही. खूप खटपट केली मी."

"मग दोन द्या. एक लेकीला, एक तिच्या बाबांना."

त्या दिवसापासून बाई तापाच्या गोळ्यांबरोबर दुकानाचा पत्ताही लिहून देऊ लागल्या. बघता बघता आयांची रांग लागली. बायको हरखली, पण जावई मात्र कुढू लागला. गुणी मुलीला केवळ स्वयंपाक येत नाही म्हणून मागण्या याव्यात, तसं त्याला वाटे. शेवटी त्याने काउंटरमागच्या मशीनवर तो शर्यतीचा गेम चालवून दाखवायचा चंग बांधला.

नेमकी मुदत संपण्याच्या दिवशी सकाळी पडद्यावर गाडी भरधाव सुटली. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सासरे गाळ्याचा निकाल लावायला आले आणि त्यांच्या पाठोपाठ शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना चाळीस मशीन हवी होती.

"एकच खात्री करून घ्यायचीय. गेम चालत नाहीत ना यावर?"

बायकोने हातातलं फडकं झटकन पडद्यावर टाकलं. पण गाडीचा आवाज काही फडक्याने झाकला जाईना. ती नजरेनेच नवऱ्याला गप्प बसा म्हणून विनवत होती.

"आजच एक चालला," जावई म्हणाला. "तीन आठवडे डोकं फोडलं. चारशे पानं वाचली."

बायकोने कपाळाला हात लावला. मुख्याध्यापिकांनी फडकं उचलून पडद्याकडे पाहिलं.

"एका गेमसाठी चारशे पानं वाचावी लागतात?"

"कमीत कमी."

"मग साठ द्या," त्या म्हणाल्या.

दुपारी औषधवाला गाळ्याची किल्ली मागायला आला. सासरे काउंटरमागे बसले होते, चष्मा कपाळावर आणि दोन्ही हात कीबोर्डवर. त्यांनी मानही वर केली नाही.

"थांबा जरा," ते म्हणाले. "वळण आलंय."