मागच्या दारची वर्दळ

भर मे महिन्यात, टळटळीत उन्हात, अंगात रेनकोट, पायात गमबूट, डोक्यावर मुलाचं स्कूटरचं हेल्मेट आणि हातात चिमटा अशा थाटात परसातल्या बेडकाला पाणी ठेवायला निघालेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी रोज पाहायची. त्या माझ्या सासूबाई.

सासूबाईंना यच्चयावत प्राणिमात्रांची भीती वाटायची. पाल, झुरळ, कोळी यांची पुष्कळांना वाटते. यांना मुंगळ्याची वाटायची, चतुराची वाटायची. फुलपाखरू जवळून गेलं तरी त्या डोक्यावरून पदर घेऊन मटकन खाली बसायच्या. आणि याच बाईंनी आमच्या मीरा रोडच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकमागे बाग केली, ती या सगळ्यांनी तिथे यावं म्हणून.

"या, बसा," असं त्या मागच्या दारात उभ्या राहून, हात जोडून म्हणायच्या. "पण लांबून हं!"

माझं लग्न झालं तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सासरची मंडळी गिरगावातली खोली सोडून नुकतीच मीरा रोडला आली होती. चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगा भराभर उभ्या राहत होत्या. त्यांच्या पलीकडे मिठागरं होती, आणि पाणी टँकरने यायचं. सासूबाईंचा जन्म गिरगावातला आणि सासरही गिरगावातलंच. दुसऱ्या मजल्यावरून निघून त्या समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर नांदायला गेल्या होत्या. माती त्यांनी पाहिली होती ती तुळशीच्या कुंडीत. मी मात्र डहाणूच्या पुढची, चिकूच्या वाडीत वाढलेली. त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक किड्याची ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या ब्लॉकच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जागेचा एक पट्टा होता. बिल्डरने तिथे फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या फाटक्या गोण्या सोडून दिल्या होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एके दिवशी सकाळी सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मला मागे बाग करायची आहे. नुसती झाडं नकोत. पाखरं, बेडूक, काय काय असतं ते सगळं आलं पाहिजे."

माझ्या नवऱ्याच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. "आई, परवा घरात चतुर आला तर तू शेजारी जाऊन बसली होतीस!"

"तो न सांगता आला होता," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी फक्त पेपरचं पान उलटलं. त्या घरात एखादी गोष्ट मंजूर झाली की एवढाच आवाज व्हायचा.

मग घरात नुसती धमाल. तिथली माती खारी, तिच्यात गवतसुद्धा रुसून उगवायचं. तेव्हा काशीमीऱ्याच्या डोंगराकडून गोण्या भरभरून लाल माती आणायची ठरली. सासूबाई स्वतः रिक्षातून गेल्या आणि येताना दोन गोण्यांच्या मधे बसून आल्या. रिक्षावाला दारात म्हणाला, "माताजी, ये सवारी है या खेत?" उत्तनहून मासळी घेऊन येणारी मार्थाबाई टोपली उतरवता उतरवता हा सगळा खटाटोप बघायची. एक दिवस तिने सुक्या मासळीच्या चुऱ्याची पिशवी आणून दिली. "ने बाय, ह्यो टाक झाडांना. नुसत्या पान्यानं काय होनार न्हाय." चुरा टाकला आणि त्या आठवड्यात बागेत पहिले पाहुणे आले. परिसरातल्या झाडून सगळ्या मांजरी.

पण हळूहळू जास्वंद लागली, तगर लागली. शेवगा वर चढला. कढीपत्ता असा तरारला की मी मनातल्या मनात फोडण्या घालू लागले. तेवढ्यात एका फुलपाखराने त्यावर अंडी घातली आणि सुरवंटांनी पानं कुरतडायला घेतली. मी दोन पानं तोडायला गेले तर सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "थांब! त्यांचं जेवण चाललंय ना!" त्यामुळे दारात कढीपत्त्याचं झाड असूनही आम्ही बाजारातून कढीपत्ता विकत आणत होतो. भाजीवाल्याशी घासाघीस करताना सासूबाई त्याला समजावून सांगायच्या, "घरी आहे हो आमच्या, पण घरात खाणारी तोंडं खूप."

मग मंडळी येऊ लागली. धुण्याच्या दगडाखाली बेडूक राहायला आला. शेवग्याच्या फुलांवर इवले शिंजीर पक्षी यायला लागले. मिठागरातून निळा खंड्या येऊन कपड्यांच्या दोरीवर बसायला लागला, आणि त्या दोरीवर आमचे कपडे वाळत घालणं बंद झालं. "ते बसलेत तिथे. साड्या बाथरूममध्ये घाल." प्रत्येक नवा प्राणी दिसला की सासूबाई आधी किंचाळायच्या, मग मला हाक मारायच्या, "अगं, हे कोण?" मी सांगायची. नाव कळलं की त्यांना जरा धीर यायचा. मग दाराआडून स्वागत व्हायचं.

वरच्या मजल्यावरच्या कोकिळाबेनना त्या किंकाळीवरूनच सगळं समजायचं. लांबलचक किंकाळी म्हणजे बेडूक, तुटक तुटक असली तर सुरवंट. किंकाळी अनोळखी वाटली तर मात्र त्या गॅलरीतून वाकून सासूबाईंना विचारायच्या, "मालतीबेन, आजे कोण आव्युं?"

अशा या बागेत सासूबाईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. सबंध बिल्डिंगच्या बायका आल्या. नवी सतरंजी, तिळगूळ, चांदीची गुलाबदाणी. सासूबाई मोरपंखी शालू नेसून बाग दाखवत होत्या, अर्थात उंबरठ्याच्या आतून. तेवढ्यात मिठागराच्या बाजूने भिंतीवर काहीतरी सरपटत वर आलं, थांबलं, जीभ बाहेर काढली आणि धप्पकन हळदीकुंकवाच्या सतरंजीवर उतरलं.

हातभर लांब घोरपड.

बायका कुठून कशा पळाल्या ते कुणालाच कळलं नाही. सगळ्यात आधी सासूबाई पळाल्या. शालू सावरत त्या थेट डायनिंग टेबलावर चढल्या आणि तिथून त्यांनी जी किंकाळी ठोकली ती कोकिळाबेनच्याही ओळखीची नव्हती. ती ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी तावडे काठी घेऊन धावत आले. ही एवढी थोरली काठी! त्यांनी ती उगारली मात्र, टेबलावरून आवाज आला, "खबरदार! मारायचं नाही!"

"काकू, घोरपड आहे ती!"

"असेल! आपल्याकडे आली आहे ना?"

आणि मग मी जे पाहिलं त्यावर माझा आजही विश्वास बसत नाही. सासूबाई टेबलावरून उतरल्या. डोळे गच्च मिटलेले, हातात गुलाबदाणी, अशा त्या चालत चालत गेल्या आणि तावड्यांची काठी आणि घोरपड यांच्या मधे उभ्या राहिल्या. भीतीने हात असा काही थरथरत होता की गुलाबपाण्याचे सपकारे तावड्यांच्या शर्टावर उडत होते. घोरपडीने दोघांकडे बघितलं, तिळगुळाच्या ताटाला वळसा घातला आणि सावकाश भिंत चढून आली तशी परत गेली.

"गेली का?" सासूबाईंनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं. गेली म्हटल्यावर त्या तिथेच बसकण मारून रडल्या आणि मग हसल्या.

तावडे मात्र हसले नाहीत. "काकू, लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये. उद्या साप निघाला तर? इथे कोबा घालून टाकू. स्कूटर लावायला जागा होईल." शिमग्यानंतरच्या रविवारी मीटिंग ठरली. जागा डोळ्यांनी बघूनच निर्णय घ्यायचा म्हणून ती मीटिंग आमच्या परसातच भरणार होती.

तावड्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हे सासूबाईंनाही कळत होतं. आरशासमोर उभ्या राहून त्या भाषणाची तयारी करायच्या, दोन वाक्यं झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या आणि तिसरं राहून जायचं. मला तेव्हा दिवस गेले होते. सासूबाई माझ्याकडे बघायच्या, बागेकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "काही झालं तरी कोबा होऊ द्यायचा नाही."

रविवारी खुर्च्या मांडल्या. तावडे फाइल घेऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सभासदहो." एवढ्यात तगरीतून काहीतरी भेलकांडत आलं आणि त्यांच्या खांद्यावर बसलं. तगरीत बुलबुलांचं घरटं होतं, आणि त्यातल्या एका पिल्लाने उडून बघायला नेमका हाच मुहूर्त निवडला होता. शेपटी नावापुरती, पिसं विस्कटलेली, चोच वासलेली.

"हलू नका हं, तावडे," सासूबाई कुजबुजल्या.

तावडे हलले नाहीत. फाइल हातात तशीच, एक पाय अर्धवट उचललेला. पिल्लाची आई चोचीत किडा घेऊन आली, तावड्यांच्या डोक्याभोवती दोन घिरट्या घातल्या, मग बेधडक त्यांच्या खांद्यावर उतरली, पिल्लाला भरवलं आणि उडून गेली. कुणी शिंकलं नाही की खोकलं नाही. तावड्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण चेहऱ्यावर मात्र बक्षीस मिळालेल्या शाळकरी मुलासारखा भाव होता. आई पुन्हा आली, पुन्हा भरवलं. शेवटी पिल्लाने धीर केला आणि ते जास्वंदीत जाऊन पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तावड्यांनी पाय खाली टेकला. "कोब्याचं..." ते म्हणाले आणि थांबले. मग खांद्यावरची शीट रुमालाने पुसत म्हणाले, "भिंतीची भोकं बुजवून घेऊ, म्हणजे सापाची भीती नाही. बाकी राहू द्या." कोकिळाबेननी लगेच सगळ्यांना चहा आणि खाखरे दिले. त्यानंतर तावडे रोज ऑफिसातून आले की घरी जाण्याआधी आमच्या मागच्या दाराशी डोकावायचे. "आमचा बुलबुल काय म्हणतो?"

पावसाळा संपता संपता मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माझ्या लग्नानंतर काही महिन्यांतच माझी आई अचानक गेली होती. वडील त्याच्या आधीच गेलेले. भावाने वाडी दुसऱ्यांना कसायला दिली आणि तो नोकरीसाठी नाशिकला गेला. आई गेली तेव्हा सासूबाई मला जवळ घेऊन रडल्या नाहीत, की चार शब्दही बोलल्या नाहीत. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं होतं.

बाळंतिणीची खाट त्यांनी स्वयंपाकघराला लागून, मागच्या खिडकीजवळ टाकली होती. एक दिवस दुपारी मला डुलकी लागली आणि बारीक आवाजाने जाग आली. सासूबाई मुलीला हातांवर घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर भारद्वाज घुमत होता.

"ऐकलंस का बाळा? ते भारद्वाज. दगडाखाली बेडूकराव. आणि ते उडतंय ना चमचमतं, ते शिंजीर. नावं तुझ्या आईनेच शिकवली हं मला." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "ही सगळी तुझ्या आजोळची मंडळी. तुला तिकडे जायला नाही मिळणार ना, म्हणून त्यांनाच इकडे बोलावलंय."

मी निपचित पडून राहिले, पण नाक ओढल्याचा आवाज झालाच. सासूबाई गर्रकन वळल्या आणि चोरी पकडल्यासारख्या ओशाळल्या.

"मला नाही गं येत ते बोलायला वगैरे," त्या म्हणाल्या. "तू त्या मागच्या खिडकीत उभी राहायचीस, त्या विटांकडे बघत. मला सुचेचना काय करावं."

एवढं बोलून त्यांनी मुलीला माझ्या कुशीत ठेवलं, पांघरूण सारखं केलं आणि अळिवाची खीर गरम करायला निघून गेल्या. स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज येऊ लागला. मी कुशीवर वळले आणि खिडकीची दुसरी झडपही उघडली.