अठ्ठेचाळीस डब्या

अर्जंटरावांच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळं दहा दिवस आधीच आलं, तेव्हा प्रसूतिगृहाच्या बाकावर बसून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "आमच्या घरात कुठलंही काम मुदतीच्या आतच होतं!"

अर्जंटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आरोग्य खात्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि त्यांच्या टेबलावर 'तातडीचे' असा लाल शिक्का असे. तो ते एवढ्या जोरानं हाणत की पलीकडच्या टेबलावरचा चहा बशीत येई. कचेरीनं त्यांना अर्जंटराव म्हणायला सुरुवात केली आणि वर्षभरात त्यांची बायकोसुद्धा तेच म्हणू लागली.

जुळं झालं त्याच आठवड्यात सरकारी छापखान्यातला एक मशीनमन क्षयानं आडवा झाला. वर्षभर खोकत होता बिचारा, आणि वर्षभर सगळे त्याला "शाई बाधली असेल" असं सांगत होते. आता उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांची तपासणी करायची होती, तीही ताबडतोब. खात्याची माणसं दुसरीकडे गुंतलेली. म्हणून हे काम बाहेरच्या एका लॅबला ठेक्यानं द्यायचं ठरलं.

"किती दिवस लागतील?" साहेबांनी विचारलं.

"आठ!" अर्जंटराव म्हणाले. "ठेका, नमुने, निकाल, सगळं आठ दिवसांत! नाही झालं तर हा शिक्का माझ्या कपाळावर मारा!"

या घाईमागे आणखी एक कारण होतं. त्यांच्या ताईचा नवरा, म्हणजे भावोजी, त्याच छापखान्यात बाइंडर होते. संध्याकाळी अर्जंटराव ताईकडे गेले तेव्हा ती भावोजींच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

"सोमवारी यांना मोठ्या दवाखान्यात नेते म्हणते," ताई म्हणाली. "दोन महिने झाले, खोकला हटत नाही. सदरा बघ, खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो."

"अगं, रांगेत कशाला उभं करतेस त्यांना? मी तपासणीच त्यांच्या टेबलापाशी आणतोय! यादीत पहिलं नाव भावोजींचं!"

भावोजींनी दोन उबळींच्या मधली फट शोधली आणि म्हणाले, "काय मेहुणे! उभ्या जन्मात कुठल्या यादीत माझा पहिला नंबर आला नव्हता!"

सगळे हसले. सोमवारचं जाणं रद्द झालं.

अर्जंटराव कामाला लागले. तातडीच्या कामाला निविदा लागत नाही, हा नियम त्यांना पाठ होता. करारनामा त्यांनी स्वतः लिहिला. सतरा कलमं! त्यातल्या दोन कलमांवर त्यांचा पोटच्या पोरांसारखा जीव होता. कलम नऊ : यादीतल्या सर्वांचे नमुने एकाच खेपेत द्यावेत, एकही कमी असल्यास सगळी खेप परत. मागच्या ठेकेदारानं अर्धंच काम करून पुऱ्याचा दाखला मागितला होता, म्हणून हे कलम. आणि कलम बारा : यादीतल्या व्यक्तीची तपासणी या करारातूनच होईल, दुसरीकडून नाही. त्याच ठेकेदारानं एकाच माणसाला कागदावर तीनदा तपासलं होतं, म्हणून हे.

"मुंगी शिरायची नाही यात!" साहेबांपुढे करारनामा ठेवत ते म्हणाले. मुंगी खरंच शिरली नसती. माणूस मात्र आत अडकणार होता, पण ते पुढं.

पाचव्या दिवशी सकाळी लॅबवाला पेटी घेऊन छापखान्यात आला. अर्जंटराव यादी घेऊन सोबत. प्रत्येकाच्या हातात एक डबी दिली गेली.

"थुंकी नको," लॅबवाल्यानं समजावलं. "छातीतला बेडका पाहिजे. खोल श्वास घ्या आणि खोका. अकरा वाजता मी निघणार."

मग छापखान्यात जे सुरू झालं ते सांगायला नको! कुणी खाकरतोय, कुणी छाती बडवतोय, कुणी खिडकीत उभा राहून आभाळाकडे बघत घसा ताणतोय. मशीनं बंद होती, तरी आवाज रोजच्यापेक्षा जास्त! तासाभरानं पाहिलं तर नऊ डब्या भरलेल्या.

"नाही हो येत," प्रूफरीडर केविलवाणं म्हणाला. "सगळीकडे शोधला. सापडत नाही."

"तुम्हाला पानात चुका सापडतात, छातीत कफ सापडत नाही?"

"चूक असली तर सापडते ना! इथं काहीच नाही!"

साडेदहा झाले. लॅबवाल्यानं पेटी बंद करायला घेतली. "साहेब, कलम नऊ. अठ्ठेचाळीस नाहीत, तर खेप नाही. तुम्हीच लिहिलंय."

अर्जंटरावांच्या कपाळाला घाम फुटला. तिथंच शिक्का बसायचा होता ना! "मी साहेबांना फोन करून वेळ वाढवून घेतो," ते लॅबवाल्याला ओढत फोरमनच्या खोलीकडे नेत ओरडले. "तोवर डब्या भरा! कशाही भरा!"

वीस मिनिटांनी दोघं परतले, तर टेबलावर अठ्ठेचाळीस डब्या ओळीनं मांडलेल्या! एकूण एक भरलेली! सगळे हात मागं बांधून, वर्गात पहिला आल्यासारखे उभे. भावोजी मात्र कागदाच्या रिमवर बसले होते, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर हसू.

"वा! मनात आणलं की होतं बघा!" अर्जंटराव म्हणाले, आणि 'सर्व नमुने माझ्यासमक्ष घेतले, काम समाधानकारक' या दाखल्यावर त्यांनी झोकात सही ठोकली.

आठव्या दिवशी, दिलेल्या शब्दाप्रमाणे, निकाल आला. अठ्ठेचाळीस तपासले. अठ्ठेचाळीस जणांना क्षय.

साहेबांनी कागद दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. छापखान्याला कुलूप लागलं. गल्लीतली माणसं पलीकडच्या कडेनं चालू लागली. न्हाव्यानं प्रूफरीडरची दाढी अर्धी सोडून त्याला दुकानाबाहेर काढलं. फोरमनची सासू, जी पंधरा दिवसांसाठी येऊन चार वर्षं राहिली होती, ती त्याच दुपारी सामान बांधून गेली. हे एकच काय ते चांगलं झालं म्हणायचं!

तिसऱ्या दिवशी तोच फोरमन अर्जंटरावांच्या टेबलापाशी आला आणि वाकून हळूच म्हणाला, "रागावणार नसाल तर सांगतो. सगळा माल एकाच दुकानातला आहे."

"म्हणजे?"

"आम्हाला येत नव्हता. तुम्ही म्हणालात, कशाही भरा. तर बाइंडर म्हणाले, ओशाळता कशाला, माझ्याकडे पोत्यानं आहे! ज्या नऊ डब्या होत्या, त्यातसुद्धा नुसती थुंकीच होती, तीही टाकून दिली. मग बाइंडर खोकत बसले आणि पुठ्ठ्याच्या पट्टीनं सगळ्यांना सारखं वाटत गेले. ना कुणाला कमी, ना कुणाला जास्त. स्वतःच्या डबीत शेवटी उरलं तेवढं घातलं."

अर्जंटरावांनी हातातला शिक्का खाली ठेवला. छापखाना उघडेल, सत्तेचाळीस घरांचा घोर मिटेल, आपली नोकरी बहुधा जाईल, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. आणि मग शेवटचं आलं. म्हणजे भावोजींना क्षय आहे. खराच.

ते तसेच उठून साहेबांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. साहेब भला माणूस. ओरडला नाही, ताकीद लिहून घेतली आणि निकाल रद्द केले. सगळे.

"साहेब, भावोजींचा निकाल तरी खरा आहे! तो तेवढा ठेवा!"

"खेपेतला एक ठेवून बाकीचे कसे रद्द करू? तुमचंच कलम नऊ. खेप एकच."

"मग पुन्हा तातडीचा ठेका काढू!"

"एका यादीसाठी तातडी एकदाच. आता निविदा."

अर्जंटराव निविदेच्या मागं हात धुऊन लागले. पहिल्यांदा एकच लॅब पुढं आली, आणि एकाच लॅबवर निविदा उघडता येत नाही. दुसऱ्यांदा तीन आल्या, तर त्यातल्या एकीनं हरकत घेतली. लाल शिक्का झिजून नुसता 'डीचे' उमटू लागला. तिकडं जुळं हसायला लागलं, कुशीवर वळायला लागलं, आणि भावोजी घरी बसले. मग बसायचे ते पडून राहू लागले.

"तू आठ दिवस म्हणाला होतास," ताई म्हणे.

"होतंय गं. हरकतीचा निकाल लागू दे."

"मी यांना दवाखान्यात नेते."

"अगं, असं मधेच नेता येत नाही! यादीत नाव आहे. कलम बारा आहे ना!"

ताईला कलम बारा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. भाऊ हेडक्लार्क होता, त्याला ठाऊक असणार, म्हणून ती गप्प बसे. भावोजी पडल्या पडल्या म्हणत, "काय मेहुणे, अख्ख्या छापखान्याला पुरलो, आता मी मलाच पुरेना!" आणि हसायला गेले की खोकला उसळे. पुढं पुढं अर्जंटराव त्यांच्यासमोर विनोदाला हसायचेच बंद झाले.

एका सकाळी ताईनं कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. शेजारणीनं कचेरीत निरोप दिला तसे अर्जंटराव फाईल काखोटीला मारून धावत निघाले. कलम बारामधून सूट द्यावी, असा अर्ज त्यांनी चालत्या रिक्षातच लिहिला. अक्षर असं आलं होतं, जणू रिक्षानंच लिहिलंय.

दवाखान्यात पोचले तोवर नमुना घेऊन झाला होता. छातीचा फोटो काढून झाला होता. डॉक्टरीणबाई गोळ्या कशा घ्यायच्या ते ताईला सांगत होत्या.

"हा सुटीचा अर्ज," धापा टाकत अर्जंटराव म्हणाले. "म्हणजे सूट. कलम बारामधून."

बाईंनी करारनामा चाळला. "अहो, हे कलम ठेकेदारासाठी आहे. माणसासाठी नव्हे. इथं रोज सकाळी आठ ते बारा कुणीही येतं. कागद लागत नाही, पैसे लागत नाहीत." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "एवढे दिवस काय करत होतात?"

त्यांच्या मागं भिंतीवर एक पत्रक लावलं होतं. 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला? थेट या.' खाली अर्जंटरावांच्याच कचेरीचं नाव. कोपऱ्यात लाल शिक्का, 'तातडीचे'. दोन वर्षांमागं अशी पाच हजार पत्रकं त्यांनीच रवाना केली होती. एकही वाचलं नव्हतं.

भावोजी स्ट्रेचरवरून त्या पत्रकाकडेच बघत होते. "उजवी कड वाकडी कापलीय," ते पुटपुटले. "माझाच हात."

औषधं लागू पडायला माणूस थोडा तरी शिल्लक लागतो. भावोजी फार थोडे उरले होते.

निविदा मंजूर झाली ती भावोजींना दवाखान्यात नेल्यानंतर पाच आठवड्यांनी; करारनामा तोच, सतरा कलमांचा. नव्या लॅबचा माणूस नवी पेटी घेऊन छापखान्यात आला. त्यानं माणसं मोजली, यादी पाहिली, पुन्हा मोजली.

"सत्तेचाळीसच आहेत. एक कमी आहे," तो म्हणाला. "खेप घेता येणार नाही. कलम नऊ."

अर्जंटरावांनी यादीतल्या पहिल्या नावाकडं पाहिलं, फाईल मिटली आणि कटिंग मशीनवर ठेवून दिली. "चला," ते म्हणाले.

"कुठं?" फोरमननं विचारलं.

"दवाखान्यात. बारापर्यंत उघडा असतो."

सत्तेचाळीस माणसं आणि एक हेडक्लार्क असे रस्त्यानं चालत गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद मागितला नाही. डब्या वाटल्या. प्रूफरीडर व्हरांड्याच्या कोपऱ्यात बराच वेळ खाकरत राहिला. मग अडलं तसं सवयीनं त्यानं शेजारी पाहिलं, आणि मान खाली घातली. त्या दिवशी तिघांना खरोखरचा क्षय निघाला. तिघंही औषधं घेऊन बरे झाले.

अर्जंटरावांच्या ताईचे यजमान, छापखान्याचे बाइंडर, या तपासणीच्या आदल्या गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता दवाखान्यात वारले. जुळ्यांना तेव्हा सातवा महिना लागला होता.