हरित सदस्याचा गेटप्रवेश

मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर वर्तक यांनी पर्यावरणरक्षणार्थ स्मार्टफोनचा त्याग केला, ही बाब नोटीस बोर्डावर रीतसर नोंदवण्यात आली. नवा फोन बटणांचा. अंग पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचं, कव्हर भाताच्या कोंड्याचं. बॅटरी अकरा दिवस चालते, तिसऱ्या मजल्यावरून पडला तरी वाजतो आणि टॉर्च तर झकास. उणीव एकच, त्यात ॲप चालत नाही. वर्तकांच्या मते हासुद्धा गुणच होता.

या त्यागाबद्दल कमिटीने त्यांना ‘हरित सदस्य’ पुरस्कार जाहीर केला. शिफारसपत्रावर सेक्रेटरी म्हणून त्यांचीच सही होती.

रविवारी सहाला समारंभ. साडेपाचला वर्तक कोपऱ्यावरून इस्त्रीचा कुर्ता घेऊन परतले आणि गेटवर नव्या वॉचमनने, धोंडूने, त्यांना अडवलं.

“ॲपवरचा क्यूआर दाखवा.”

“अरे, मी सेक्रेटरी आहे!”

“असाल ना साहेब. नोटीस वाचा. ‘रहिवासी असो वा पाहुणा, ॲपशिवाय प्रवेश नाही. ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबू नये.’ खाली कुणा वर्तकांची सही आहे.”

सही झोकदार होती. ती करताना झालेला आनंदही वर्तकांना आठवला.

त्यांनी घरी फोन लावला. आवाज खणखणीत आला, त्या बाबतीत हा फोन खरोखर उत्तम.

“वसुधा, माझा जुना फोन घेऊन खाली ये.”

“अहो, मी डोक्याला मेंदी लावून बसलेय. आणि कुठला जुना? खणात चार आहेत.”

“चार्जिंगला लावलेला गं!”

“त्याग केलेला फोन चार्जिंगला कशाला?”

“बँकेसाठी. आणि मॅचसाठी. आटप, सहा वाजत आले. निदान ॲपवरून मला आत घे.”

वसुधाताईंनी ॲप उघडलं. त्यात ‘नवरा’ असा पर्याय नव्हता. ‘पाहुणा’ निवडलं तर ओळखपत्राचा फोटो मागत होतं. त्यांनी ‘डिलिव्हरी’वर बोट ठेवलं. मुदत, वीस मिनिटं.

“पार्सल?” धोंडूने विचारलं. वर्तकांनी निमूटपणे कुर्ता दाखवला.

पुरस्कार म्हणून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली तुळशीची कुंडी मिळाली. वर्तक साधेपणावर बोलायला उभे राहिले. विषय रंगात आला आणि धोंडू थेट स्टेजवर चढला.

“साहेब, टाइम संपला. डिलिव्हरीवाल्यांनी बाहेर चला.”

वर्तकांनी आशेने सभेकडे पाहिलं. साठ सदस्यांपैकी एकही मदतीला उठला नाही, कारण साठही जणांचे हात फोन धरण्यात गुंतले होते. बिचाऱ्या वर्तकांचं मला वाईट वाटलं, पण त्या साठांतला माझाही हात मोकळा नव्हता. स्वतःच्या सहीचा मान राखत वर्तक कुंडीसह गेटबाहेर गेले आणि पुन्हा घरी फोन लावू लागले. बॅटरीत अजून नऊ दिवस शिल्लक होते.

तो व्हिडिओ रात्रीपर्यंत घाटकोपर ओलांडून गेला. ‘साधेपणा शिकावा तर यांच्याकडून’ असं लिहून, शेजारी हिरवं पान चिकटवून तो पुढे पाठवणाऱ्यांत चौथं नाव तुमचं आहे.