बॉनेटखालचा तांबडा रंग

सिद्रामप्पांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून दोन माणसांची शर्यतीची मोटार घेतली, आणि सोलापूरच्या कापडपेठेला नवा जाच सुरू झाला. भेटेल त्याला घरी ओढून आणायचे, बॉनेट उघडायचे आणि आतल्या लोखंडाकडे बोट दाखवत वाटेल ते ठोकून द्यायचे.

"चनबसप्पा, उद्या बार्शीचे पाहुणे यायलेत," त्यांनी सकाळी ड्रायव्हरला बजावलं. "आतलं समदं गंजलंय. आज रंग मारून ठेव. आन् एक जरी भाग जागेवर न्हाय बसला, तर उद्यापासनं कामावर यायचं न्हाय!"

चनबसप्पाला मोटार हाकता येत होती. उघडताही येत होती. जोडण्याबद्दल मात्र तो स्वतःलाच विचारायला घाबरत असे. पण घरात पाच तोंडं होती. त्याने झाकणं, टोपणं, नळ्यांचे वळसे असं हाताला लागेल ते खोललं आणि मडिवाळप्पा रंगाऱ्याला गाठलं. बैलांचा सण बेंदूर नुकताच झाला होता. मडिवाळप्पाकडे तांबडा तेवढा उरला होता.

"बैलाच्या शिंगाला चालतंय, मग इंजिनाला का न्हाय चालणार?" असं म्हणून मडिवाळप्पाने परसातल्या विहिरीवर बसून समोर दिसेल ते जाड हाताने रंगवलं आणि काठावर ओळीने वाळत टाकलं. चनबसप्पा निर्धास्तपणे जेवायला गेला.

परत येऊन बघतो तर विहिरीवर हळदकुंकू, फुलं, फोडलेला नारळ! मालकांची आई शरणम्मा हात जोडून बसलेली आणि शेजारची मल्लव्वा प्रदक्षिणा घालत होती.

"अव्वा, हे काय?"

"पाण्यातल्या साती आसरा परगटल्या की रं! मोजून सात. त्याबी ओल्या शेंदरासकट!"

"अवो, ती मोटारीची झाकणं हाईत!"

"तोंड आवर! देवाला झाकणं म्हनतोस?"

चनबसप्पाने हात पुढे केला, तशी मल्लव्वा ओरडली, "शिवू नगोस! म्हशीसाठी नवस बोललीया मी."

चनबसप्पा चक्रावला. सात? आपण खोलले तरी किती होते? काही केल्या आठवेना. मालक पाचला येणार आणि आसरा काही हलायला तयार नाहीत. भीतीने त्याचं अंग खरोखरच लटलटू लागलं, आणि त्यातूनच त्याला सुचलं.

"आमाला... मोटारीत... बसायचंय!" तो एवढ्या जोरात किंचाळला की स्वतःच दचकला.

बायकांनी लगोलग त्याच्या कपाळाला कुंकू फासलं आणि एकेक आसरा पदरावर घेऊन मोटारीपर्यंत वाजतगाजत आणली. तो बसवत गेला. सहा बसल्या. सातवी कुठेच बसेना. उलटी, सुलटी, आडवी करून पाहिली. शेवटी त्याने नाइलाजाने हँडल मारलं, आणि मोटार झकास सुरू झाली! ओला रंग तापून धूर निघाला.

"धूप! धूप!" मल्लव्वाने गालांवर मारून घेतलं.

चनबसप्पा एकदा चालू इंजिनाकडे, एकदा हातातल्या तांबड्या गोळ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात सिद्रामप्पा आले.

"हे काय उरलं रे?"

"कळंना मालक. पर गाडी चालू हाय की."

"मला शिकवायलास? इंजिनाचा गाभा हाय हा! विलायतेत ओततात. ह्याच्याबिगर गाडी चालतच न्हाय!"

गाडी चालतच होती.

"आत्ता चालायलीय ती जुन्या दमावर," सिद्रामप्पा गुरगुरले. "उद्यापासनं यायचं न्हाय तू."

चनबसप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. शरणम्मा पुढे झाली. तिने तो गोळा डोळ्यांजवळ नेला, नखाने थोडा रंग खरवडला.

"अय्यो शिवा! हा तर माझा पाय घासायचा दगड! सकाळी विहिरीवर ठिवलेला. कवाधरनं हुडकायलीय मी."

सिद्रामप्पांनी आईकडे पाहिलं, मग मल्लव्वाकडे. मल्लव्वाच्या पोटात गोष्ट राहत नसे, आणि तिचा नवरा पेठेतच हमाली करी. सिद्रामप्पांनी मुकाट्याने बूट काढले, तो दगड दोन्ही हातांनी विहिरीच्या काठावर ठेवला आणि डोकं टेकवलं.

"सातवीला हितंच ऱ्हायचंय जणू," ते पुटपुटले.

चनबसप्पाने भीतभीत विचारलं, "मालक, मग उद्या मी..."

"सकाळी लवकर ये," सिद्रामप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाले. "पाहुण्यांना इंजिन तूच दाव."