अप्पांची मेणबत्ती

शिवलिंगअप्पा आमच्या वर्कशॉपात आले की माझी नाही, आधी रंधा मशीनची विचारपूस करतात. "काय, जेवून राहिली का?"

उदगीरला माझं फर्निचरचं काम आहे. ही मशीन एका बाजूनं फळी ओढते, वरून तासते आणि दुसऱ्या बाजूनं सरळ करून बाहेर काढते. निदान काढायला हवी. पण लहर फिरली की फळी अर्धी गिळून गप्प बसते. मी ढकलतो, शिव्या घालतो आणि अप्पांना फोन लावतो.

अप्पांचा जन्म सुतारकामात गेला. कपाळावर भस्म, खिशात मेणबत्तीचा तुकडा. वाकण्याआधी गळ्यातलं इष्टलिंग शर्टात सारतात, मेन स्विच दोनदा तपासतात, तिसऱ्यांदा मला तपासायला लावतात. मग माझी उलटतपासणी.

"एका टायमाला किती तासायला लावलास?"

"तीन एमएम."

"कायला? पाहुण्याच्या तोंडात अख्खी भाकर कोंबतोस का? एक लाव."

रोलरला चिकटलेला लाकडाचा चीक ते थिनरनं पुसतात आणि काळी चिंधी माझ्या नाकासमोर धरतात. "हिचे दात कधी घासलास?" मग फळी जिच्यावरून सरकते त्या पत्र्यावर मेणबत्ती घासून फडक्यानं चोळतात. स्विच चालू. फळी सुतासारखी पार. "लई गुणाची हाय," म्हणत मेणबत्ती परत खिशात. दुसऱ्याच्या हाताला ती लागू होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी ते बरीच वर्षं खरं मानलं. मग लातूरहून पाती बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला, कुठलंही मेण चालतं. मी किराणा दुकानातून मेणबत्ती आणली. दोन महिने मशीन विनातक्रार चालली आणि त्या आनंदात मी अप्पांना साफ विसरलो.

एके दिवशी ते बसस्टँडवर दिसले. बाकावर एकटेच, कुठली गाडी पकडायची नव्हती.

"मशीन?"

"एकदम झकास, अप्पा."

"हाव? बरं हाय." त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

मला माझीच लाज वाटली. बायको वारल्यापासून या माणसाला 'जेवलात का' असं विचारणारं घरात कुणी नव्हतं, आणि मी मशीन झकास आहे म्हणून सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्यावरचं सगळं मेण थिनरनं पुसून काढलं, तीन एमएम लावलं, फळी अडकवली आणि फोन केला.

अप्पा रिक्षानं आले. लिंग आत, स्विच तीनदा. पत्र्याजवळ वाकले आणि तिथंच थांबले. थिनरचा वास ताजा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"लई बिघडली हाय," मेणबत्ती काढत ते म्हणाले.

"आधी जेवून घेऊ, अप्पा. डबा दोघांचा आहे."

भाकरी मोडता मोडता त्यांनी निकाल दिला. "हिला दर आठवड्याला बघावं लागंल." मग म्हणाले, "सोमवारी नको बोलवू. सोमवारी माझा उपास असतो."