सत्तारच्या धुऱ्यावरची टिटवीची अंडी

अब्दुल सत्तारच्या शेतात सकाळी सात वाजता वखरणीचा ट्रॅक्टर येणार होता आणि पावणेसातला त्याला खोलगट जागी टिटवीची चार अंडी दिसली. सत्तार मनाचा मऊ. घरात निघालेला विंचूसुद्धा तो चिमट्यात धरून पलीकडच्या आवारात सोडून येई. शेजाऱ्यांचं त्याबद्दल वेगळं मत होतं. त्याने अंडी टोपीत घेतली आणि सगळ्यात उंच धुऱ्यावर, बांधाच्या माथ्यावर, खडे रचून मांडली. मग तो खुशीत घरी आला.

"पण टिटवी कुठं हाये?" बायकोनं, नईमानं विचारलं.

"येईन ना."

"अफनानचे अब्बा, ते गप बसणारी जात हाये काय? अंड्याजवळ गेलं का डोक्यावर धावते. तुमच्यावर एकदा तरी ओरडली?"

सत्तारनं चहात बिस्कीट बुडवलं. ओरडली नव्हती, हे खरं.

संध्याकाळी शेजारच्या शेताचे खुशालराव धुऱ्यावरून जाताना थबकले. टिटवीनं खोलात अंडी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर भरपूर, हे मूर्तिजापूरच्या आसपास पोराटोरांनाही ठाऊक. खुशालराव तर रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की आवाज बंद करत. पण आज अंडी पाहून त्यांनी चपला काढल्या.

"सत्तारभाई, आठ दिवसांत पाणी! मी पावसाआधीच धूळपेरणी करून टाकतो."

"भाऊ, नुसत्या अंड्यावर..."

"मले एक गोष्ट माहीत हाये. सांगितली तं तुमी हात जोडसान. पण सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव धुऱ्यावर. कोणी हळदकुंकू वाहिलं, कोणी उदबत्ती लावली. कुत्र्यांनी येऊ नये म्हणून बाभळीच्या काट्यांचं असं कुंपण झालं, की टिटवीही आत शिरली नसती. सत्तार खरं सांगायला तोंड उघडायचा, तेवढ्यात कोणीतरी म्हणायचं, "टिटवीनं वावर निवडलं तं सत्तारभाईचंच!" आणि ते ऐकायला त्याला बरं वाटायचं.

रात्री मात्र जेवण जाईना. मागली दोन्ही वर्षं गावाला दुबार पेरणी करावी लागली होती. यंदा खुशालरावांकडे कपाशीचं बियाणं एकदाच पेरण्यापुरतं होतं. कोरड्या मातीत ते पडलं आणि पाऊस लांबला, तर वर्ष गेलं. आणि खुशालरावांनी सुरुवात केली की बाकीचं गाव त्यांच्या मागं.

तिसऱ्या दिवशी खुशालरावांच्या शेतात मजूर बाया ओळीनं उभ्या राहिल्या; ट्रॅक्टरवाला देवमन आणि गावातले बाकीचे शेतकरी धुऱ्यावर पाहत थांबले. खुशालरावांनी विळा बियाण्याच्या पाकिटाला लावला आणि सत्तार धावत आला.

"थांबा भाऊ! अंडे धुऱ्यावर मीच ठेवले. टिटवीनं नाही!"

खुशालरावांनी विळा खाली ठेवला.

"म्हणजे तिनं खालचे उचलून वर नेले नाहीत?"

"टिटवी काहून उचलीन? आन ते खाली होते, हे तुमाले कसं माहीत?"

"कारण तुमच्या वावरात खोलात मीच ठेवले होते!" खुशालराव ओरडले. "माह्या वावरात ट्रॅक्टर चालून राहिला होता. म्हटलं, शेजारी जीव वाचतीन. मंग दोन दिसांनी पाहतो तं वर! मले वाटलं, चमत्कार."

"मंग तुमच्या वावरात कुठं सापडले? उंचावर का खोलात?"

"माह्या वावरात कुठं? मले तं यानं देल्ले."

सगळ्यांनी ट्रॅक्टरवाल्या देवमनकडे पाहिलं. देवमनचा चेहरा उजळला. आपल्या चांगल्या कामाची कोणी दखल घेईल, ही आशा त्यानं सोडलीच होती.

"पलीकडच्या गावाहून आणले, दुपट्ट्यात बांधून. लय वाईट जागी होते ना. नाल्याच्या मधोमध, रेतीत. म्हटलं, पूर आला तं वाहून जातीन बिचारे."

टिटवीनं नाल्याच्या तळाशीच अंडी घातली, याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. खुशालरावांनी पाकीट परत थैलीत घातलं आणि बायांना घरी जायला सांगितलं. ज्यांनी आपापली पाकिटं बाहेर काढली होती, त्यांनीही ती मुकाट आत ठेवली.

सत्तारनं काटे बाजूला करून अंड्यांना हात लावला. उन्हानं ती दगडासारखी तापली होती. त्याला फार वाईट वाटलं. पलीकडच्या गावात एक टिटवी चार-पाच दिवस ओरडत फिरत असेल, हे आता त्याला कळत होतं.

तो घरी आला तेव्हा नईमा दारातच होती.

"वाचले काय?"

"बियाणं वाचलं," सत्तार म्हणाला आणि रिकामी टोपी खुंटीला अडकवून हात धुवायला गेला.